खांद्यावरची बोटं

कात्रीने कापून टाकलेल्या नवऱ्याला अनघा सेलोटेपने परत चिकटवत होती. माझ्या जेवणाच्या टेबलावर, अगदी मान खाली घालून. फोटो लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीचा, दोघांच्याही अंगावर हलव्याचे दागिने. त्याच्या मारहाणीला कंटाळून ती माझ्याकडे राहायला आली, त्याच दिवशी तिने तो कापला होता. त्याचा तुकडा मात्र जपून ठेवला, कारण त्याच्यामागे देव्हारा होता. "देव कचऱ्यात कसे टाकू, मावशी?"

नवरा इथला, अमेरिकेचा नागरिक. "माझ्या सहीशिवाय तू इथे कोणी नाहीस," असं तिला सारखं ऐकवायचा. वकीलबाई म्हणाल्या, त्याच्या सहीशिवाय, त्याला कळूही न देता, तिला स्वतःच्या नावाने इथे राहायचा अर्ज करता येतो. फक्त त्याने छळलं हे दाखवायचं, आणि संसार खरा होता हेही दाखवायचं. हसरे फोटो असले तर आणा.

माझं डोकंच फिरलं. कागदापुरत्या लग्नात कोणी एवढा मार खात बसतं का? लबाडी करणारे असतात, कायद्याला विचारावंच लागतं, हे मलाही कळतं. पण कळलं म्हणून राग थोडाच जातो! जे दिवस विसरण्यासाठी ही घराबाहेर पडली, त्यातलेच सुखाचे दिवस हिनेच वेचून द्यायचे.

"नीट जुळलंय ना, मावशी?"

जुळलं होतं. कापताना त्याची बोटं तिच्याच खांद्यावर राहून गेली होती. आता त्यांना हातही येऊन मिळाला.