पळालेली पोरं आणणारा

कळंबच्या पुढं डांबरी रस्ता सोडून आत गेलं की एक आश्रमशाळा लागते. सेवादास राठोड तिथं कामाठी. पाणी भरायचं, आवार झाडायचं, धान्याची पोती उतरवायची. पण शाळेत त्याला ओळखत ते वेगळ्याच कामासाठी. पोरगं पळालं की मुख्याध्यापक गावंडे सर ओरडत, "सेवादास, गाडी काढ!"

पळालेलं पोर कुठं सापडतं ते त्याला आता माहीत झालं होतं. बस स्टँडवर, नाहीतर चिंतामणीच्या देवळात. तो पोराला चहा-बिस्किट देऊन गाडीवर मागं बसवायचा. वाटेत पोर त्याच्या पाठीला चिकटून रडायचं. "रडू नको बावा," तो म्हणायचा, "कोणी काही म्हणत नाही तुले."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला त्याच पोराच्या गळ्यात पुठ्ठा लटकायचा, 'मी पळपुटा' लिहिलेला. सर सगळ्या शाळेला टाळ्या वाजवायला लावत. सेवादास हौदामागं जाऊन उभा राहायचा. टाळ्या तिथंही ऐकू यायच्या. तू पळालास काहून, हे त्या पोरांना कोणी विचारलं नाही.

मग बबलूचं झालं. बबलू पवार सातवीत होता, राजूरचा. बाप देवसिंग कोळशाच्या गाड्या भरायचा. पोराला खरूज झाली, बोटांच्या बेचक्यात पू धरला. दवाखान्यात न्यायचं सोडून वसतिगृहाच्या अधीक्षकानं त्याची पथारी व्हरांड्यात टाकली, सगळ्यांच्या चपला असत तिथं. पोरं त्याला 'खरज्या' म्हणू लागली. अधीक्षकही तेच म्हणायचा, आणि वर हसायचा.

एके दिवशी दुपारच्या जेवणाला बबलू दिसला नाही. सेवादासनं स्टँड पाहिला, देऊळ पाहिलं. पोर नव्हतं. संध्याकाळी तो सरांना म्हणाला, "पोलिसांत सांगा लागते, सर. त्याच्या घरी तरी फोन करा."

"बोंब नको मारू," सर म्हणाले. "उद्या साहेब येऊन राह्यले तपासणीले. ते गेले का पाहू."

साहेब आले. सेवादास काजूची बशी घेऊन सातवीच्या दारात उभा होता. हजेरी सुरू झाली.

"बबलू पवार!"

"हजर!"

स्वयंपाकिणीचा भाचा उठला. अंगात बबलूचाच शर्ट. साहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, शाब्बास म्हणाले. सर मागं उभे राहून दात कोरत होते.

तिकडं पोर जिवंत आहे का नाही ठाऊक नाही, आणि इथं त्याचा शर्ट हजेरी देतो! बशी तिथंच जमिनीवर ठेवून तो बाहेर आला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बबलूची आई, नंदाबाई. पोराची खबर ती त्यालाच विचारायची, भाऊ म्हणून.

"भिया, बबलूच्या हाताची खाज कमी झाली का? तेवढं सांग."

सर त्याच्या मागोमाग बाहेर आले होते. त्यांनी हातानं खूण केली, खेळून राह्यला म्हण.

"बाई," सेवादास म्हणाला, "बबलू कालपासून शाळेत नाही. तिकडं पोलिसांत सांगा. मीही इकडं ठाण्यात चाललो."

पलीकडून असा हंबरडा आला की सरांनाही ऐकू गेला.

"नोकरी करायची हाये का तुले?" सर दबक्या आवाजात म्हणाले. आत साहेब होते ना! सेवादास त्यांच्याकडं न पाहता गाडीला किक मारून गेला.

पोर त्याच संध्याकाळी सापडलं. ट्रकवाल्याला हात करून ते राजूरला पोचलं होतं, पण घरी जायची हिंमत झाली नाही. बाप परत शाळेत घालेल म्हणून एका बंद टपरीमागं तापानं फणफणत पडलं होतं. देवसिंगच्या सोबत्यांना दिसलं.

सकाळी सर म्हणाले, "जा, घेऊन ये. प्रार्थनेत उभा करतो त्याले."

सेवादासनं बबलूची पत्र्याची पेटी गाडीला बांधली आणि निघाला. नंदाबाई अंगणात कडुनिंबाच्या कोमट पाण्यात पोराचे हात बुडवून बसली होती. सेवादासला पाहताच बबलू भिंतीला जाऊन चिकटला, आईला ओरडून म्हणाला, "याडी, हा मले न्यायले आला!"

इतकी पोरं आणली, पण एखादं पोर आपल्याकडं असं पाहत असेल हे त्याला कधी सुचलं नव्हतं. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"न्यायले नाही आलो, बेटा. तुह्यी पेटी आणली."

तो एकटाच परतला. "मी आता पोरं आणत नाही, सर," एवढंच बोलला. सरांनी त्याला संडास धुवायला लावलं. चौकशीला कोणी तरी आलं, कोंबडी खाऊन गेलं. सर जिथल्या तिथं.

काही महिन्यांनी नंदाबाईचा फोन आला. बबलू गावच्या शाळेत जाऊ लागला होता. एक दिवस तो न सांगता तलावावर गेला, तर पहिला तास संपायच्या आत गुरुजी दारात.

"मी तर घाबरलीच, भिया. पण गुरुजी म्हणे, रागावाले नाही आलो, पोरगं बरं आहे ना, एवढं पाहाले आलो. मग तलावावर गेले, त्याच्याजवळ बसले. कोणी त्रास देते का रे, असं पुसलं."

"अन् मग?"

"मग काय? दोघंही शाळेत गेले."

फोन ठेवून सेवादास पायरीवर बसला. एवढंच? दारात जायचं अन् पुसायचं, एवढंच होतं? समोर सर व्हरांड्यात अधीक्षकासोबत खिदळत होते. इतकी पोरं त्यानं मागं बसवून आणली, पण त्यानंही एकालाही पुसलं नव्हतं.