अकरा गाठींचा दोरा

सोमवारच्या उपासाच्या आम्ही बायका जमलो की बागेचे किस्से निघतातच. एकीचा संपेपर्यंत दुसरीच्या ओठांवर पुढचा आलेला असतो! निजामाच्या अखेरच्या वर्षांतले, आमच्या मुदखेडजवळच्या पेरूबागेतले हे चार.

फळांवर पांढरा चिकटा पडला, की आमचे हे तंबाखूचा कडक काढा साबणाच्या पाण्यात मिसळून पिचकारीनं मारत. कीड मरे, पण पेरू आपण सालीसकट खातो! म्हणून फवारणीच्या दिवशी मी फाटकाला अकरा गाठींचा पिवळा दोरा बांधी. रोज सूर्याला अर्घ्य दिलं, की एक गाठ सोडायची. उन्हावाऱ्यानं विष उतरतं. शेवटची गाठ सुटेपर्यंत फळाला कुणी हात लावायचा नाही, हे माझं व्रत.

*

शेजारच्या गोजरकाकूंना ते पटेना. "धुतलं की झालं! लई सोवळं तुझं!" म्हणत तिसऱ्याच दिवशी त्यांनी पेरू धुऊन खाल्ला. घटकाभरात घेरी येऊन ओट्यावर आडव्या!

"काकू, कसं वाटतंय?"

"कैलास दिसून राहिला, बाई!"

बऱ्या झाल्यावर काठी घेऊन फाटकाशी राखणीला त्याच बसल्या.

*

एकदा आभाळ भरून आलं. तीन दिवस ऊन नाही, म्हणून मी गाठही सोडली नाही. धर्माबादचा व्यापारी बैलगाडी रिकामी घेऊन परत गेला. हे कडाडले, "अगं, दिवस तर गेले ना!"

"दिवस गेले हो, ऊन कुठं पडलं?"

आणि यांनी अबोला धरला! चौथ्या सकाळी ऊन आलं, तर आधी यांचीच हाक, "अहो बाई, गाठ सोडता ना?"

*

एकादशीला देवळातले महाराज आले. "पाच पेरू द्या. देवाला काय बाधतंय?"

"देवाला न्हाई बाधत, महाराज. पण प्रसाद तुम्हीच खाता ना?"

महाराज केळी घेऊन गेले.

*

आणि तो कचेरीतला कारकून, पेशकार! जिल्ह्याचे तालुकदारसाहेब दौऱ्यावर येणार, त्यांच्या मेजवानीला पेरूची डाली, म्हणजे नजराण्याची टोपली हवी. चपराशाला मी दोनदा परत पाठवलं, तेव्हा त्याला घेऊन पेशकार स्वतः घोड्यावरून आला. दोऱ्याला चार गाठी होत्या.

"सरकारचा हुकूम हाय, बाई!"

"या बागेत सूर्यनारायणाचा हुकूम चालतो, साहेब."

"बागेचा पट्टा रद्द करीन!"

बाग सरकारी पट्ट्याची. ती गेली, तर आमचं सगळंच गेलं. हे मागून पुटपुटले, "देऊन टाक गं." मी फाटकाला पाठ लावून उभी राहिले.

"करा रद्द. कागद आत्ताच लिहा. फक्त कारणही लिहा, की पेरूवर विष होतं म्हणून बाईनं तालुकदारसाहेबांना खाऊ घातलं नाही. खाली तुमची सही करा!"

पेशकारानं रागारागानं कागद काढला, टाक दौतीत बुडवला. 'पेरूवर' एवढं लिहिलं आणि हात थांबला. शाईचा थेंब कागदावर पडला. त्यानं एकदा बागेकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग कागदाची घडी करून शेरवानीच्या खिशात घातली आणि फाटकाशेजारच्या बाजेवर बसून चपराशाला म्हणाला,

"अजून चार गाठी हायेत. घोड्याचं खोगीर उतरव!"