एका माणसाची गाडी

कळवणहून नाशिकला जाणं हा काही वर्णन करण्यासारखा प्रवास नव्हे, हे मला ठाऊक आहे. एसटीत बसावं, वणीला चहा घ्यावा, दिंडोरीला डुलकी काढावी, की आलं नाशिक. पण २००४ च्या एप्रिलात मी हा प्रवास माझ्या स्वतःच्या ट्रकमधून एकट्यानं केला आणि जाताना सात ठिकाणी अडकलो, म्हणून लिहायचं धाडस करतो.

ट्रक म्हणजे देवळालीच्या लष्करी लिलावात घेतलेली एक टनी पेट्रोल गाडी. माझी डाळिंबाच्या कलमांची रोपवाटिका आहे आणि कलमं नाशिकला पोहोचवायला मी ही गाडी वीस वर्षं वापरली. पेट्रोलवर चालणारा ट्रक म्हणून गावानं माझी भरपूर टिंगल केली. गाडीचं खरं दुखणं मात्र कार्बोरेटर. पेट्रोलमध्ये हवा मिसळून ते इंजिनाला पाजायचं, एवढंच त्याचं काम. पण उन्हाचा चटका बसला की नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी जागच्या जागी बसायची. मग पेट्रोलच्या पंपावर ओलं गोणपाट टाकायचं, वरून पाणी ओतायचं आणि ती निवायची वाट बघायची.

हे पाणी ओतण्याचं खातं माझ्या बायकोकडे, सुमनकडे होतं. चोकसुद्धा तिच्याकडेच; तो ओढला की इंजिनाला जास्तीचं पेट्रोल मिळतं. चोकची मूळ तार तुटली तेव्हा मी नवी तार डावीकडे, तिच्या सीटसमोर काढली, कारण तिथं ती असायचीच. घाटात मी गिअर बदलायचो आणि ती चोक ओढायची. गाडी थांबली की मी ब्रेकवर उभा, आणि ही पदर खोचून खाली उतरायची, चाकाला दगड लावायची, कॅन घेऊन बॉनेटकडे जायची. थोडक्यात, गाडी दोन माणसांची होती.

तीन वर्षांपूर्वी आमच्या वैशालीला मुलगा झाला. तिची नोकरी नाशिकला, म्हणून सुमन सहा महिन्यांसाठी तिच्याकडे गेली. ते सहा महिने अजून संपलेले नाहीत. नातवाचा तिला लळा लागला, त्यात तिचे गुडघे धरले. मी कळवणला राहिलो, गाडी अंगणात उभी राहिली आणि कलमं भाड्याच्या टेम्पोनं जायला लागली. सकाळी कलमांना पाणी, दुपारी एकट्यापुरता भात, संध्याकाळी ओट्यावर बसून रस्ता बघायचा. लोक विचारायचे, "वहिनी कधी येणार?" मी म्हणायचो, "येतील." घर फार मोठं वाटायला लागलं होतं, हे कुणाला सांगायची लाज वाटायची.

तर त्या एप्रिलात मी पहाटेच्या गारव्यात निघालो. डाव्या हातानं गिअर, आणि वाकून त्याच हातानं चोक. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं मला सीटवर आडवा झालेला बघून कचकचीत शिवी दिली, ती रास्तच होती. घाट कसाबसा चढलो. वणीच्या पुढे ऊन तापलं आणि गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. दर थांब्याला मीच ड्रायव्हर, मीच दगड लावणारा, मीच पाणक्या. ओझरला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि माझं डोकं इंजिनापेक्षा गरम झालं होतं.

ओझरला हायवेलगत खैरनारांची गाड्या दुरुस्तीची शेड आहे; मी निघालो होतो ते तिथंच. हे गृहस्थ मूळचे सटाण्याकडचे, ओझरच्याच विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. गाडी बघून त्यांनी चष्मा वर केला आणि अहिराणीत विचारलं, "हाई गाडी शे का रणगाडा?" (ही गाडी आहे की रणगाडा?)

मी माझी अडचण सांगितली. कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवायचं. नव्या मोटारींना असतं तसं, कॉम्प्युटर लावून.

"कशाला? डिझेल इंजिन टाका की. सगळे तेच करतात."

"मला ही एकट्यानं चालवायची आहे," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि बॉनेट उघडलं. कामाला तीन दिवस लागले. मालेगावच्या भंगार बाजारातून आणलेलं एका ठोकलेल्या मोटारीचं सामान त्यांच्या शेडमध्ये आधीपासून पडूनच होतं. कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर (पेट्रोलची बारीक फवारणी करणारी तोटी) बसला. जुना पंप निघाला आणि त्याच्या भोकावर पत्र्याची चकती आली. नवा विजेचा पंप टाकीत बुडवला. उरलेलं पेट्रोल परत टाकीत नेणारी आणखी एक नळी टाकली. इंजिनाची गरमी आणि फिरण्याचा वेग मोजणारे सेन्सर लावले, त्यांच्या वायरी जुन्या पंपाच्या जागेवरून आत घेतल्या आणि कॉम्प्युटरची पेटी डाव्या सीटखाली स्क्रूनं आवळली. शेवटी खैरनारांनी पक्कड घेतली आणि चोकची तार कापली. "आता हिचं काम नाही. किती पेट्रोल द्यायचं ते पेटी ठरवते. आणि पंप टाकीत आहे, वाफ धरणार नाही. पाण्याची भानगड संपली."

ते तीन दिवस मी रात्रीपुरता नाशिकला वैशालीकडे जात होतो. सकाळी जावयांबरोबर मिसळ खायची आणि ओझरची बस धरायची. तिखट रश्श्यानं नाक वाहायला लागलं की बोलावं लागत नाही, ही मिसळीची मोठीच सोय आहे. शेवटच्या संध्याकाळी सुमन नातवाला भरवत होती. मान वर न करता म्हणाली, "झाला का हट्ट पुरा? अहो, ती गाडी विका आणि इकडे या. घाटात एकटे पडलात तर कोण बघणार?"

हे वाक्य मी तीन वर्षं ऐकत होतो. दर फोनला, दर भेटीला. माझं डोकं फिरलं. "एकट्यानं कळवणला नेऊन दाखवली तर?"

"घाटात बंद न पडता?"

"बंद न पडता. पडली तर गाडी विकतो आणि इकडे येतो. नाही पडली, तर पुन्हा कधी 'इकडे या' म्हणायचं नाही. दे शब्द."

तिनं चमचा वाटीत ठेवला. "दिला," म्हणाली. सुमनचा शब्द म्हणजे शब्द, हे मला चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम टळटळीत उन्हात ओझर सोडलं. खरं सांगतो, अशी गाडी मी कधी चालवली नव्हती. ओझरच्या द्राक्षबागा मागे पडल्या, दिंडोरी आली, वणी गेली, आणि इंजिन एकदाही खोकलं नाही. एरवी ज्या ज्या झाडाखाली आम्ही थांबायचो ती झाडं मी नुसती बघत पुढे गेलो. वणीच्या चहावाल्यानं हात केला, मीही केला, पण थांबायला कारणच नव्हतं. आनंद झाला होता, पण तो सांगायला शेजारी कुणी नव्हतं. मी दोनदा डावीकडे वळून बघितलं.

वणीनंतर नांदुरीकडे जाणारा घाट लागतो. माथ्याच्या अलीकडे रुंद वळण आहे, तिथं आम्ही वीस वर्षं न चुकता थांबत आलो. मी थांबलो. का, ते विचारू नका. पाय ब्रेकवर गेला, हातानं चावी बंद केली. उतरलो, चाकाला दगड लावला, सीटमागून कॅन काढला, बॉनेट उघडलं आणि जुन्या पंपाच्या जागेवर धो धो पाणी ओतलं. अर्धा कॅन रिकामा झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, की तिथं आता पंप नाही, वायरी आहेत.

चावी फिरवली. इंजिन नुसतं गरगरलं. दहा वेळा फिरवली, तेच.

त्या वळणावर मी एकटा. खाली उन्हानं पांढरी पडलेली शेतं, वर गडाचा कडा. पैज हरलो, असं मनात आलं आणि त्यापाठोपाठ फार बरं वाटलं. आता गाडी विकायची, नाशिकला जायचं, सुमनच्या हातचं खायचं. त्या बरं वाटण्याचाच मला राग आला.

वरून शेळ्या घेऊन एक म्हातारी उतरली. पाड्यावरची असावी. "काय झालं रं बाबा? बंद पडली?"

"मीच पाडली, आजी. पाणी ओतलं."

"मंग सुकल की. पाणीच हाय ते." तिनं फडकं सोडून नागलीची (नाचणीची) अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा माझ्या हातावर ठेवला. "खा. एकलाच हायेस व्हय?"

"हो."

"मी बी," ती म्हणाली आणि शेळ्यांमागे गेली.

भाकरी खाल्ली. वायरींचे जोड सोडवून शर्टानं पुसले, उन्हात तासभर उघडे ठेवले आणि पुन्हा जोडले. चावी फिरवली आणि इंजिन असं लागलं, जसं मधे काही घडलंच नव्हतं.

कळवणला पोहोचताच स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवरून फोन लावला. सुमननंच उचलला.

"पोहोचलो."

"थांबली का घाटात?"

"थांबली." मग खोटं सांगवेना. "पण गाडीचा दोष नाही. मीच सवयीनं पाणी ओतलं तिच्यावर."

ती इतकी हसली, की पलीकडे नातू काय झालं म्हणून विचारायला लागला. मग हसणं थांबलं. "म्हणजे गाडी चांगली आहे," ती म्हणाली. "जिंकलात तुम्ही."

मी काही बोलण्याआधी म्हणाली, "जेवून घ्या," आणि फोन ठेवला.

याला आता आठ महिने झाले. गाडी घाटात कधी बंद पडली नाही. पेट्रोलही कमी पितं हे यंत्र. मी महिन्यातून दोनदा कलमं पोहोचवायला नाशिकला जातो, वैशालीकडे जेवतो, नातवाला ट्रकमधून चक्कर मारून आणतो. सुमन माझी पाण्याची बाटली भरून देते, डबा देते. एवढ्या खेपांत ती एकदाही 'इकडे या' म्हणालेली नाही. शब्द पाळते आहे. तिनं तो मोडावा असं मला वाटतं, आणि तो मीच मागून घेतलेला आहे, त्यामुळे 'मोड' म्हणायला जीभ रेटत नाही.

परवा निघताना मी पायरीवर रेंगाळलो. चपलेचा पट्टा दोनदा काढून लावला. आभाळाकडे पाहिलं, गुडघ्यांची चौकशी केली, नातवाला पुन्हा उचलून घेतलं. ती दाराला धरून उभी होती. तिचे ओठ जरा हलल्यासारखे वाटले.

मग म्हणाली, "निघा आता, ऊन चढेल."

गाडी पहिल्या चावीलाच सुरू झाली.