कोण? कोणाकडे? काय काम?

माझा थोरला भाऊ एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर रखवालदार होता. त्याच्या नजरेखालून न विचारता आत गेलेला माणूस कोणी दाखवावा! "कोण? कोणाकडे? काय काम?" हे तीन प्रश्न तो साहेबाला विचारायचा, भाजीवाल्याला विचारायचा, आणि एकदा मलाही विचारले. मी त्याचा विसरलेला डबा घेऊन गेलो होतो. सख्खा भाऊ समोर उभा, डबा त्याच्याच घरचा, आणि हा बहाद्दर विचारतो, कोणाकडे? मी चिडून म्हटलं, "तुझ्याकडे. आणि काम म्हणजे तुला गिळायला घालणं." तेव्हा कुठे आडवा दांडा वर गेला. हे ऐकून वहिनी हसून हसून बेजार झाली. "एखाद दिवशी मलाही घरात घेताना विचारतील," म्हणाली.

रोज कामावर निघण्याआधी दादा खाटेच्या कडेला डोळे मिटून बसायचा. काही मागायचा नाही, काही पुटपुटायचा नाही. मी एकदा विचारलं, हे काय करतोस रे? "दिवसभर लोकांची ये-जा असतेच. तेवढा वेळ आत कोणाला सोडत नाही," म्हणाला. मला त्याचा हेवा वाटायचा. माझ्या डोक्यात कायम बाजार भरलेला.

मग वहिनीच्या किडन्या निकामी झाल्या. पाणी मोजूनच द्यायचं, जास्त झालं तर छातीत साठेल, असं डॉक्टरांनी बजावलं. दादाची ड्यूटी सुटत नव्हती, त्यामुळे उशाशी बसायची ती माझी पुतणी. आई पाणी मागायची, पोर ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवायची आणि जिन्यात जाऊन रडायची. शेवटच्या दुपारीही वहिनीने पाणीच मागितलं.

ती गेल्यावर दादाला घर खायला उठलं. शेजारच्या गल्लीत चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर एक खोली होती. तिथे एक बाई पडदे ओढून बसायची आणि गेलेल्या माणसांच्या आवाजात बोलायची, अशी तिची ख्याती. दादा गेला, मीही सोबत होतो. आत शिरताच तो ढसाढसा रडला आणि वहिनीचं सगळं दुखणं सांगून मोकळा झाला, पाण्यासकट. बाई मान डोलावत ऐकत राहिली. मग आवाज बारीक करून म्हणाली, "गळ्याला मफलर गुंडाळत जा, खोकला होईल." बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. हे तर मीही सांगितलं असतं, फुकटात! पण दादाचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. जिना उतरताना म्हणाला, "तीच होती रे."

"जरा डोकं ताळ्यावर ठेव, दादा," मी म्हटलं. तो ऐकण्यापलीकडे गेला होता.

मग तो एकटाच जाऊ लागला. एके दिवशी आवाज त्याला म्हणाला, "मला तहान लागली होती. पोरीने पाणी दिलं नाही." पाण्याची गोष्ट त्या खोलीत नेली कोणी? यानेच. पण दुःखात बुडालेल्या माणसाला आपलंच बोलणं परत आलेलं ओळखू येत नाही.

त्यानंतर सकाळच्या बसण्यातही वहिनी यायला लागली. डोळे मिटले की पाणी मागायची. खाटेजवळ तो तिच्यासाठी भरलेला पेला ठेवू लागला. दादाने मुलीच्या हातचं जेवण सोडलं, मग तिच्याशी बोलणं सोडलं, आणि एका संध्याकाळी तिची बॅग जिन्यात नेऊन ठेवली. "तुझ्या आईनेच सांगितलंय," एवढंच म्हणाला. पोर माझ्या दारात आली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईसाठी जिने रात्रंदिवस एक केले, तिला हे बक्षीस!

पुढे तिला लांबच्या शहरात नोकरी लागली. जाण्याआधी बाबांनी एकदा बोलावं, एवढंच तिला हवं होतं. "शिव्या दिल्या तरी चालतील, काका," म्हणाली. घराचं दार तो उघडत नव्हता, म्हणून आम्ही फाटकावर गेलो. दादा वाळून काटकी झाला होता. उन्हं तापली होती तरी गळ्यात मफलर होता.

त्याने तिच्याकडे पाहिलं. दांडा खालीच राहिला.

"कोण?"

"मी आहे, बाबा."

"कोणाकडे?"

"तुमच्याकडे."

"काय काम?"

ती दांड्याजवळ आणखी एक पाऊल सरकली.

"काम नसेल तर बाजूला व्हा. गाडी येतेय."

माझा तोल सुटला. "पोटच्या पोरीची उलटतपासणी करतोस? आणि त्या खोलीत जो आवाज येतो, त्याला एकदा तरी विचारलंस का, तू कोण म्हणून?"

दादाने दांडा दोन्ही हातांनी धरला.

"नाही विचारलं," तो म्हणाला. "विचारलं असतं, आणि तो आवाज तिचा निघाला नसता तर? मग मी बोलायचं कोणाशी?"

"माझ्याशी, बाबा," पुतणी म्हणाली.

मागच्या गाडीने भोंगा वाजवला. दादाने मफलर सारखा केला, आमच्याकडे पाठ केली आणि गाडीच्या काचेशी वाकला.

"कोण? कोणाकडे?" त्याने विचारलं.