दरवाढीविरुद्ध माझं भाषण

हा किस्सा मी सांगितला नाही तर विलास सांगणार, आणि तो तिखटमीठ लावून सांगणार. त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या आधी, गार होतोय.

डोंबिवलीतली आमची जुनी बिल्डिंग पाडली आणि आम्ही सगळे पांगलो. मी बाळकुमला सतराव्या मजल्यावर, विलास कल्याणला, बाकीचे परवडलं तिथे. इथे लाइट गेली तरी लगेच जनरेटर लागतो, कळतसुद्धा नाही. तिकडे लोडशेडिंग झालं की अख्खी बिल्डिंग गच्चीवर! चटया, मेणबत्त्या, कोणाच्या तरी घरची भजी आणि विलासच्या भुताच्या थापा. लाइट आली की "आलीऽऽ" म्हणून ओरडायचो आणि मग वाईट वाटायचं, कारण सगळे घरी जायचे. फार आठवण येते हो त्या अंधाराची.

म्हणून माझा एकच ध्यास, ही मंडळी एकदा परत जमवायची. दोनदा घरी जेवायला बोलावलं. कोणाची पाठ धरलेली, कोणाकडे प्लंबर येणार. ग्रुपवर मात्र रोज सकाळी फुलांची चित्रं!

अशात पेपरात वाचलं, वीज कंपनीने दरवाढ मागितलीय. हे दर कंपनी मनाने लावत नाही. ती वीज नियामक आयोगापुढे खर्चाचा अंदाज मांडते, आयोग तो तपासतो, लोकांचं ऐकतो आणि मग दर ठरवतो. ते ऐकण्याची सुनावणी ठाण्यात होती. मी ग्रुपवर टाकलं, "मी बोलणार आहे. पाठिंब्याला या." आणि काय आश्चर्य! सगळे हो म्हणाले. विजेच्या बिलाचा राग कोणाला नसतो?

निघताना बायको, सुनीता, म्हणाली, "अहो, एकदा बिल बघून तरी जा."

"मला सांगतेस? जन्म बँकेत गेला माझा!"

हॉलमध्ये आमची अख्खी गच्ची हजर! कोणी काठी टेकत, कोणी गुडघ्याला पट्टा बांधून. मला असं भरून आलं म्हणून सांगू! त्या भरात माइक हातात आला.

"मॅडम, दर तुम्ही ठरवून देता. मग त्यावर दर महिन्याला हा इंधन समायोजन आकार कशाला? ही दिवसाढवळ्या लूट आहे! निदान मागच्या महिन्याचा तरी रद्द करा. आत्ताच्या आत्ता!"

टाळ्या! विलासने तर शिट्टी मारली.

आयोगाच्या अध्यक्ष मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, मागच्या महिन्याचं बिल पाहिलंत?"

"त्यात काय पाहायचंय? वाढलेलंच असणार!"

"असं बघा, ठरवलेले दर अंदाजावर असतात. उन्हाळ्यात एसी वाढतात, कोळसा महागतो, कंपनीला बाहेरून महाग वीज घ्यावी लागते. तो फरक या आकारातून तुमच्याकडे येतो. पावसात मागणी कमी होते, वीज स्वस्त मिळाली की तोच आकार वजा होतो. मागच्या महिन्यात तो वजा होता. म्हणजे तुमचं बिल त्याने कमी झालंय. ते रद्द करू?"

मी बरोबर आलेल्या सुनीताकडे बघितलं.

ती जागेवरूनच म्हणाली, "मॅडम, बिल मोबाइलवर मी भरते. हे फक्त ओरडतात."

मग काय विचारता! कंपनीचे साहेबसुद्धा रुमाल तोंडाला लावून हसत होते. त्यात विलासचा आवाज, "अरे शऱ्या, दरवाढ थांबवायला आणलंस ना रे आम्हाला?"

"मागणी नोंदवून घेऊ?" मॅडमनी विचारलं.

"नको, नको!" मी मटकन खालीच बसलो.

बाहेर टपरीवर चहा झाला, परत चहा झाला. माझी नक्कल प्रत्येकाने करून दाखवली. संध्याकाळ झाली तरी घरी जायचं नाव कोणी काढेना. लाज वाटत होती, पण खरं सांगतो, इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

शेवटी निघताना विलासने विचारलं, "शऱ्या, पुढची सुनावणी कधी रे?"

"का? तू बोलणारेस?"

"छे! बोलणार तूच. आम्ही सगळे येतो."

बघा म्हणजे! श्रीखंड-पुरीला न येणारी माणसं माझा पोपट बघायला कल्याणहून यायला तयार आहेत. मग मीही ठरवलंय. पुढच्या वेळीसुद्धा बिल न बघताच जायचं.