भाकरी फुगायच्या आधीचं बटण

“बटण! अगं, आधी बटण बंद कर!” अण्णा इतक्या मोठ्यानं ओरडले की बाहेर गंगापूर रोडवरच्या निम्म्या रिक्षांनी ब्रेक लावले असतील. आईनं चटकन बटण फिरवलं, तवा उतरवला आणि अर्धवट भाजलेली बाजरीची भाकरी चिमट्यानं उचलून कोऱ्या करकरीत गॅसच्या बर्नरवर ठेवली. मग आई, अण्णा, मी आणि खास या भाकरीसाठी नामपूरहून आलेला मामा, असे चौघंही ती फुगायची वाट बघत बसलो.

या बटणाचं आधी सांगायला हवं. गॅस येईपर्यंत आमच्याकडे विजेची शेगडी होती, अण्णांनी स्वतःच्या हातानं केलेली. अण्णा ओझरला विमानाच्या कारखान्यात, त्यामुळे शेगडीतही विमानाचा स्वभाव उतरला होता. ती आधी घरघरायची, मग बिल्डिंगभरचे दिवे मंद व्हायचे. कॉइल तुटली की अण्णा दोन टोकं पिळून जोडत. दर जोडणीला कॉइल आखूड व्हायची आणि शेगडीचा राग वाढायचा. पुढे पुढे तर दूध पातेल्यात ओतेस्तोवर बासुंदी! आणि शॉक असा, की आमच्या मांजरानं जन्मभर स्वयंपाकघर सोडलं. म्हणून घरचा कायदा ठरला होता: पायात चप्पल, चपलेखाली लाकडी पाट आणि भांड्याला हात लावायच्या आधी बटण बंद. मी शाळेत फळा पुसायच्या आधीसुद्धा बटण शोधायचे.

पण तिच्यावर भाकरी काही फुगायची नाही. माहेरच्या चुलीवर आईचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि इथे मामा दर दिवाळीला भाकरी ताटावर वाजवून विचारायचा, “ताई, हाई भाकर शे का कौल?” सगळे हसायचे. आईही हसायची, पण त्या दिवशी तिला जेवण जायचं नाही. शेवटी तिनंच हट्टानं गॅसला नंबर लावला. लावला तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते, आला तेव्हा कॉलेजात. सिलिंडरला हळदकुंकू वाहून तिनं पहिला निरोप धाडला तो मामाला: भाकरी खायला ये.

आणि आता ती भाकरी बर्नरवर गपगार पडली होती. मामानं वाकून पाहिलं.

“ताई, हाई ते झोपी गई.”

आईचा चेहरा पडला. अण्णांचा मात्र असा फुलला, की भाकरीनं त्यांच्याकडून शिकावं. “तरी मी सांगत होतो!” म्हणत ते स्टुलावर चढले, माळ्यावरून शेगडी काढली आणि तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून उभे राहिले. “लावू का वायर?”

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. “अगं आई, जाळच नाहीये! बटण बंद केलंस तू!”

आईनं बटणाकडे बघितलं. मग खाली, पायातल्या चपलेकडे आणि चपलेखालच्या पाटाकडे. मग अण्णांकडे. त्या नजरेनं गॅस लायटरशिवाय पेटला असता. ती पाटावरून उतरली, चपला दाराबाहेर भिरकावल्या, गॅस पेटवला आणि नवी भाकरी थापली. या खेपेला तवा उतरवला तो जाळ तसाच ठेवून.

भाकरी फुगली. फुगली म्हणजे किती? मामा मागे सरकला. मला वाटलं, आता ही खिडकीतून निघते आणि थेट ओझरच्या धावपट्टीवर उतरते. मामानं बोटानं पापुद्रा फोडला, वाफ तोंडावर घेतली, ठेचा लावला आणि खाल्ली. कौलाचं नाव नाही. नुसतं ताट पुढे सरकवलं. मी मोजलेल्या सात. तो आजही तीनच सांगतो.

आई भाकरी थापत होती आणि गुणगुणत होती. अण्णा अजून शेगडी धरून उभेच.

“मग आता हिचं काय करायचं?”

“माळ्यावर ठेवा,” आई म्हणाली, “आणि हात धुऊन बसा.”