रेक्टर बाई मंत्र्याच्या खुर्चीत

अमरावतीला राज्यशास्त्राचं एम.ए. करत होते तेव्हा आम्हाला तासिका तत्त्वावर एक नवे सर आले. शनिवारी दुपारी वर्ग सुटला की ते प्रोजेक्टरवर परदेशातल्या संसदा दाखवायचे. पंतप्रधान उभा राहतो, समोरचे टोकतात, हसतात, आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. हे अभ्यासक्रमात नव्हतं, परीक्षेत येणार नव्हतं. म्हणूनच ते आम्हाला खटकायचं. सर कुठल्यातरी पक्षासाठी पोरं हेरतात, अशी कुजबुज होती.

अकोल्याला घरी गेले तेव्हा बाबांना हे सांगितलं. बाबा मळ्यातली भाजी स्वतः बाजारात बसून विकतात, सहजी कोणावर भरवसा ठेवत नाहीत. ते म्हणाले, "त्याले तुमच्यापासून काय पाहिजे, ते पाय आधी."

मी पाहू लागले. सर प्रत्येकाला गाव विचारत, घरी कोण काय करतं ते विचारत. कशाला हव्या होत्या त्यांना या चौकशा?

एका शनिवारी त्यांनी वर्गातच प्रश्नोत्तराचा तास भरवला आणि मला विरोधी बाकावर बसवलं. मी विचारलं, मुलींच्या वसतिगृहाचं फाटक दिवेलागणीला बंद होतं, ग्रंथालय मात्र त्यानंतरही उघडं असतं. मग मुलींनी तिथे वाचायचं कधी? मंत्री झालेला मुलगा गडबडला. सगळे हसले.

सोमवारी रेक्टर बाईंनी बोलावून माझं ते वाक्य शब्दन् शब्द मला ऐकवलं. रागावल्या नाहीत, "जा" एवढंच म्हणाल्या. त्याचीच जास्त भीती वाटली. वर्गात वसतिगृहातल्या दोघीच होतो, मी आणि हिवरखेडची माझी रूममेट. मी तिच्याशी मोजकंच बोलू लागले. तिला ते कळलं. ती म्हणाली, "मी नाई सांगतलं. काहून अशी वागून राहिली? सरालेच इचार."

विचारलं. सर म्हणाले, "मीच सांगितलं. प्रश्न ज्यांना होता, त्यांच्यापर्यंत जायला नको?"

"मला विचारून सांगायचं होतं, सर. राहते मी तिथे."

ते म्हणाले, "हो. ते चुकलं माझं."

पुढच्या शनिवारी रेक्टर बाई स्वतः आल्या आणि मंत्र्याच्या खुर्चीत बसल्या. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. पालकांचीच तशी मागणी आहे, असं त्या म्हणाल्या. तेवढ्यात रूममेट उठली. "कोणत्या पालकांची, मॅडम?"

बाईंनी प्रश्न डायरीत टिपून घेतला. "माहिती घेऊन सांगते."

महिनाभरात फाटक ग्रंथालय बंद होईपर्यंत उघडं राहू लागलं. मुली खूश होत्या. मी मात्र यात मेख कुठे आहे ते शोधत राहिले. बाई एवढ्या सहज कशा वळल्या?

पुढच्या सत्रात वेळापत्रकावर सरांचं नाव नव्हतं. आम्ही दोघी विभागप्रमुखांकडे गेलो. प्रशासकीय बाब आहे, ते म्हणाले. कोणाचा निर्णय, असं रूममेटने विचारलं, तर त्यांनी फोन कानाला लावला. तो वाजलेला आम्ही काही ऐकला नव्हता.

मी सरांना फोन केला. ते यवतमाळकडे कुठेतरी मुलाखतीला निघाले होते, मागे एसटी स्टँडचा गलका होता. कशामुळे काढलं, ते त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं. फाटक अजून उघडं असतं का, एवढंच त्यांनी विचारलं. हो म्हटलं, तर म्हणाले, "बरं झालं," आणि गाडी लागली म्हणून फोन ठेवला.